गावचा बंब कुणाच्या भरवशावर? नगरपरिषदेच्या अग्निशमनावर लक्ष कसं ठेवायचं, पायरी पायरीने

आग लागली की आपण सगळे बंबवाल्यांना शिव्या घालतो. उशिरा आले, आले तर पाणी नाही, पाणी आहे तर पाईप फुटका. मीही घालायचो. आमच्या गावात (नगरपरिषद आहे, वस्ती साठ-सत्तर हजार, नाव घेत नाही कारण इथेच राहायचंय) बाजारपेठेत एका चपलांच्या दुकानावरच्या माळ्याला आग लागली होती. बंब तसा लवकर आला, पाईप जोडला, पाणी सोडलं, आणि पाईपच्या मधोमध कारंजं उडालं. बघ्यांत हशा पिकला. एका फायरमनने कुठूनतरी सायकलची ट्यूब आणून त्या भोकावर गच्च गुंडाळली आणि त्यावर पाय देऊन आग विझेपर्यंत तिथेच उभा राहिला, सगळा भिजलेला. नंतर टपरीवर चहा पिताना तोच म्हणाला, दादा, नवीन पाईपची मागणी दोन वर्षं झाली वर पाठवलीय, फाईल अकाउंटला आहे.

तेव्हापासून मी शिव्या घालायचं ठिकाण बदललं. बंबाचं जे काय व्हायचं ते आगीच्या दिवशी ठरत नाही हो, ते फेब्रुवारीतल्या बजेटच्या सभेत ठरतं, आणि त्या सभेला अग्निशमनाबद्दल बोलायला कोणी नसतं कारण रस्ता-गटार-लाईट यातच मारामारी चालू असते. पुढे जे लिहितोय ते मी स्वतः आपटत-धोपटत शिकलोय. नगरसेवक असाल तर जास्त उपयोगी पडेल, साधे नागरिक असाल तरी नव्वद टक्के करता येतं.

पहिली पायरी: हे काम नक्की कुणाचं, ते डोक्यात पक्कं करा

बऱ्याच जणांना वाटतं फायर ब्रिगेड म्हणजे पोलिसांसारखं राज्य सरकारचं खातं. तसं नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने (1 जून 1993 पासून लागू) जी बारावी अनुसूची आली त्यात नागरी स्थानिक संस्थांची 18 कामं दिलीत, आणि त्यात सातव्या नंबरला अग्निशमन सेवा आहे. महाराष्ट्रात नगरपरिषदा, नगरपंचायतींसाठी 1965 चा अधिनियम आहे, महानगरपालिकांसाठी 1949 चा, मुंबईसाठी 1888 चा. आग विझवणं आणि जीव-मालमत्ता वाचवणं हे यात सक्तीच्या कामांत येतं. म्हणजे जमलं तर करू असला विषय नाही. मुख्याधिकारी तुम्हाला "फंड नाही" म्हणाले तर एवढंच विचारा, साहेब हे सक्तीचं काम आहे की ऐच्छिक? एकदा विचारून बघा, बोलण्याचा सूर बदलतो.

राज्याचा रोल वेगळा आहे. मुंबईत कालिन्याला विद्यानगरीत महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय आहे, ते ट्रेनिंग देतात, तांत्रिक सल्ला देतात, फायर सिस्टीम बसवणाऱ्या एजन्सींना लायसन्स देतात. पण तुमच्या गावच्या गाडीत डिझेल टाकायला ते येणार नाहीत, ते नगरपरिषदेनेच टाकायचंय.

ग्रामपंचायतीचं मात्र दुखणं वेगळं. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत आणि त्यात अग्निशमन नाहीच. त्यावर शेवटाकडे येतो.

दुसरी पायरी: घरपट्टीचं बिल काढा

कपाटातून काढा आत्ता. सर्वसाधारण कर, वृक्ष कर, शिक्षण कर असं खाली खाली बघत जा, बऱ्याच ठिकाणी त्यात "अग्निशमन कर" अशी एक ओळ असते. रक्कम छोटी असते म्हणून कोणी बघत नाही. पण गावात दहा-बारा हजार मालमत्ता असतील आणि प्रत्येकाकडून सरासरी 100 रुपये जरी येत असतील तरी वर्षाला दहा-बारा लाख होतात की. शिवाय बांधकाम परवानगी देताना अग्निशमन सेवा शुल्क घेतात ते निराळं.

आता बजेटचं पुस्तक मिळवा. नगरपरिषदेच्या वेबसाईटवर असलं तर नशीब, नाहीतर लेखा विभागात जाऊन बघायला मागा. त्यात प्रत्येक खात्यापुढे तीन आकडे असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाची तरतूद. लोक फक्त तरतूद बघतात आणि खुश होतात, "यंदा अग्निशमनाला 25 लाख!" अहो, मागच्या वर्षीही 25 लाखच होते, आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात काय आहे ते बघा. आमच्याकडे साहित्य खरेदीच्या ओळीत सलग तीन वर्षं तरतूद होती आणि खर्च शून्य, अगदी गोल शून्य, आणि सायकलच्या ट्यूबचं कारण तिथे छापलेलं होतं.

अग्निशमनाच्या नावाखाली किमान एवढ्या ओळी वेगळ्या दिसायला हव्यात: पगार, इंधन, वाहन दुरुस्ती, साहित्य खरेदी, गणवेश आणि सुरक्षा साधनं, ट्रेनिंग. सगळं मिळून एकच आकडा असेल तर समजा की पैसा पगारात आणि डिझेलमध्ये संपतोय. ट्रेनिंगची ओळ तर मला आमच्याकडे सापडलीच नाही.

तिसरी पायरी: स्टेशनवर जा, पण चहा घेऊन जा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. इन्स्पेक्शनला आल्यासारखं जाऊ नका. ही पोरं बहुतेक ठिकाणी ठेक्यावर असतात, पगार लांबलेले असतात, तुम्ही वही काढून उभे राहिलात की गप्प बसतील. जाऊन बसा, गप्पा मारा, मग हळूहळू बघा.

गाडी आधी बघा. तोंड रस्त्याकडे करून लावलीय का? भिंतीकडे तोंड असेल तर रिव्हर्स घेण्यातच मिनिट जातं. एकदा चालू करून दाखवा म्हणा. आमच्याकडे एक गाडी उतारावरच लावायचे, मला वाटलं जागेची अडचण, नंतर कळलं बॅटरी उतरलेली आहे आणि धक्का मारून चालू करावी लागते. गाडीचं वय विचारा, कारण 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी आणि पालिकांच्या गाड्यांची नोंदणी रिन्यू होत नाही. म्हणजे तुमच्या गावात एकच बंब असेल आणि तो पंधरा वर्षांच्या जवळ आला असेल तर काउंटडाऊन चालू आहे, आणि नवीन गाडी काही महिन्याभरात येत नाही. चॅसिस घ्या, त्यावर टाकी-पंप बांधून घ्या, टेंडर, मंजुरी, पासिंग, वर्ष सहज जातं.

पाईप उलगडून बघा. कुजलेले, कपलिंग सैल झालेले, ओलेच गुंडाळून ठेवलेले ओळखायला एक्स्पर्ट लागत नाही, वासच येतो. वापरल्यावर पाईप उंचावर टांगून वाळवायचा असतो, तशी सोय आहे का बघा. धुरात जायला बीए सेट (पाठीवर हवेचा सिलेंडर आणि तोंडाला मास्क असतो तो) किती आहेत, काटा भरलेला दाखवतोय का, आणि शेवटचा कधी वापरला. "आहे पण कपाटात आहे, चावी साहेबांकडे" हे उत्तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मग माणसं मोजा. हा हिशोब प्रत्येक नगरसेवकाला पाठ असायला पाहिजे. एका बंबावर ड्रायव्हर एक, लीडिंग फायरमन एक आणि फायरमन चार धरा, झाले सहा. पाळ्या तीन, म्हणजे 18. साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण धरलं तर बावीस-चोवीस माणसं लागतात एका गाडीला. आता तुमच्याकडे किती आहेत ते विचारा. आमच्याकडे दोन गाड्यांना मिळून अकरा होते आणि त्यातले दोन अतिक्रमण पथकाला, एक जण साहेबांच्या गाडीवर. रात्री वर्दी आली (आगीच्या कॉलला हे लोक वर्दी म्हणतात) की ड्रायव्हर आणि एक फायरमन, बास. आग विझवायला दोघं. मग कारंजावर पाय देऊन उभा राहणार तो एक आणि पुढे धार मारणार तो दुसरा, पंप कोण बघणार?

शेवटी वर्दीचं रजिस्टर बघायला मागा. त्यात वर्दी कधी मिळाली, गाडी कधी सुटली, कधी पोचली, पाणी कुठून भरलं, परत कधी आली हे सगळं असायला हवं. शहरी भागासाठी साधारण 5 ते 7 मिनिटांत पोचावं असं धरतात. तुम्ही फक्त पहिल्या दोन वेळा बघा, वर्दी मिळाली ते गाडी सुटली. पोचायला लागणारा वेळ ट्रॅफिकवर आहे, पण सुटायला लागणारा वेळ हा पूर्णपणे खात्याच्या हातात असतो. आणि सगळीकडे "तात्काळ" असं लिहिलं असेल, आकडा कुठेच नसेल, तर रजिस्टर नंतर बसून भरलंय समजा.

जाता जाता स्टेशनचा डायरेक्ट नंबर घ्या आणि मोबाईलवरून 101 लावून बघा कुठे लागतो ते. माझा जिल्ह्याच्या गावाला लागला होता, तिथला माणूस म्हणाला तुमच्याकडे कळवतो. 112 पण आहेच, पण डायरेक्ट नंबर सोसायटीच्या, व्यापारी संघटनेच्या ग्रुपवर टाकून ठेवा.

चौथी पायरी: पाणी

बंबाची टाकी साधारण साडेचार-पाच हजार लिटरची असते. ऐकायला खूप वाटतं. एकच धार चालू ठेवली तर पंधराएक मिनिटं जाते, आणि पंप पूर्ण क्षमतेने सोडला तर दोन-तीन मिनिटांत टाकी खडखडाट. मग भरायला कुठे जायचं हा प्रश्न. हायड्रंट (बंबाला पाणी घ्यायला रस्त्याकडेला ठेवलेले नळ) असतील तर ते रस्त्याच्या डांबराखाली गेलेत का बघा, आमच्या बाजारपेठेतले दोन असेच पुरले गेले, काँक्रीट करताना कोणी विचारलंच नाही. पाण्याच्या टाकीजवळ बंब भरायची स्वतंत्र लाईन आहे का, रात्री तिथे व्हॉल्व्ह उघडायला माणूस असतो का, कुलपाची चावी बंबाच्या ड्रायव्हरकडे आहे का. हे काम पाणीपुरवठा विभागाचं, ते काम अग्निशमनचं, आणि चावी तिसऱ्याकडे. या एका चावीसाठी आम्ही तीन पत्रं दिली, शेवटी दुसरी चावी करून दिली, खर्च 40 रुपये.

पाचवी पायरी: माहिती अधिकार, पण शहाणपणाने

तोंडी जे कळलं ते कागदावर आणायचं. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला 30 दिवस, झेरॉक्स पानाला 2 रुपये. "अग्निशमन विभागाची संपूर्ण माहिती द्या" असं लिहाल तर "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" असं उत्तर येईल. हे मागा: मंजूर पदं किती, भरलेली किती, ठेक्यावर किती, मागच्या 3 वर्षांत तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, प्रत्येक वाहनाचा नोंदणी दिनांक आणि मागच्या वर्षी ते किती दिवस बंद होतं, अग्निशमन कर किती जमा झाला, साहित्य मागणीच्या पत्रांच्या प्रती. शेवटचं विसरू नका, त्या मागणीपत्रांतच सगळी गोष्ट असते, आणि त्यामुळे फायरमनचं नाव न येता त्याचं म्हणणं बाहेर येतं.

अर्ज न करता फाईल नुसती बघायची असेल तर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत कार्यालयात जाऊन अभिलेख बघता येतात, तसा शासन निर्णय 2018 पासून आहे. काउंटरवरच्या माणसाला माहीत नसतं, तुम्ही प्रिंट घेऊन जा.

सहावी पायरी: सभेत विषय आणणं आणि पैसे कुठून येतात

नागरिक म्हणून तुम्ही सभेत बोलू शकत नाही, म्हणून एक नगरसेवक धरा. पक्ष कुठला ते बघू नका, ज्याच्या वॉर्डात आग लागून गेलीय तो धरा. त्याला भाषण देऊ नका, एका पानावर आकडे द्या: गाड्या इतक्या, माणसं इतकी, कर इतका जमा, खर्च इतका. डिसेंबर-जानेवारीतच द्या, कारण खात्यांच्या मागण्या तेव्हा गोळा होतात, सभेच्या दिवशी दिलं तर "पुढच्या वर्षी बघू". अग्निशमन कुठल्या विषय समितीकडे आहे तेही विचारून घ्या, पुष्कळदा खुद्द सभापतीलाच माहीत नसतं.

पैशाच्या वाटा मुख्यतः तीन. एक नगरपरिषदेचा स्वतःचा फंड, त्यातून पाईप, बीए सेट, हेल्मेट, गमबूट, दुरुस्ती असली रोजची कामं झालीच पाहिजेत, त्याला मुंबईकडे बघायची गरज नाही. दुसरी जिल्हा नियोजन समिती, तिथून बंब आणि स्टेशनच्या इमारतीसाठी निधी मिळतो, पण नगरपरिषदेने वेळेत प्रस्ताव पाठवावा लागतो, जागेचा उतारा जोडून, आणि पालकमंत्र्यांच्या मागे लागावं लागतं हे उघड आहे. तिसरी केंद्राची: 15 व्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून अग्निशमन सेवांच्या विस्तार-आधुनिकीकरणासाठी देशभरासाठी 5,000 कोटींची योजना 2023 मध्ये सुरू झाली. त्यात आपल्यासारख्या राज्याला 25 टक्के वाटा घालावा लागतो, आणि पैसा राज्यामार्फत येतो. म्हणून राज्याकडे तुमच्या गावचा प्रस्ताव गेलाय का एवढंच मुख्याधिकाऱ्यांना विचारा, जावक क्रमांकासकट.

आता खरी गोम. गाडी मिळते, माणूस मिळत नाही. गाडीचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो, फोटो येतो. माणसाचं उद्घाटन होत नाही. पदं वाढवायची तर आकृतिबंधाला (कुठल्या खात्यात किती पदं, तो तक्ता) राज्याची मंजुरी लागते, आणि आस्थापना खर्च (पगार वगैरे) 35 टक्क्यांच्या वर गेला असेल तर भरती अडते, छोट्या नगरपरिषदांचं तिथेच घोडं अडतं. मग ठेक्यावर पोरं घेतात. घ्या, पण ठेक्याच्या अटीत चार गोष्टी लिहून घ्या: फायरमनचा कोर्स केलेलाच माणूस, विमा, सुरक्षा साधनं कोण देणार, आणि पगार महिन्याच्या ठराविक तारखेला. मी पाहिलेल्या एका ठेक्यात फायरमन आणि सफाई कामगार एकाच टेंडरमध्ये होते, शिक्षणाची अट एकच, सातवी पास. ज्या कामात 2015 ला काळबादेवीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, अगदी वरच्या रँकचे, त्या कामाला ही अट.

सातवी पायरी: इमारतींची तपासणी

आग विझवणं हे अर्धंच काम, ती लागू न देणं हे उरलेलं अर्धं, आणि त्यासाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 आहे, 6 डिसेंबर 2008 पासून लागू. यात जबाबदारी आधी मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकलीय: कायद्याच्या यादीत बसणारी इमारत असेल तर यंत्रणा बसवायची, चालू ठेवायची, आणि लायसन्स असलेल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, नमुना ब चं प्रमाणपत्र (सगळे फॉर्म बी म्हणतात) द्यायचं. अग्निशमन अधिकाऱ्याने तपासायचं, नोटीस द्यायची, ऐकलं नाही तर लाईट-पाणी तोडण्यापर्यंत आणि सील करण्यापर्यंत अधिकार आहेत.

प्रत्यक्षात काय, तर फॉर्म बी येतो आणि फाईलला लागतो. म्हणून फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये एकच प्रश्न विचारायचा: यादीत इमारती किती आणि फॉर्म बी आले किती? उरलेल्यांना नोटिसा किती गेल्या? हॉस्पिटलं, मंगल कार्यालयं, क्लासेस, लॉज यांची यादी वेगळी मागा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली, ते सरकारी हॉस्पिटल होतं. म्हणून सुरुवात सरकारी इमारतींपासूनच करा, नगरपरिषदेचं स्वतःचं ऑफिस, नाट्यगृह, शाळा, दवाखाना. आमच्याकडे हा प्रश्न आला तेव्हा सभागृहात सगळ्यांनी एकदम मान वर करून भिंतीवरचं लाल सिलेंडर पाहिलं. मुदत चार वर्षांपूर्वी संपलेली.

ढवळाढवळ कुठे थांबवायची

लक्ष ठेवणं वेगळं आणि ढवळाढवळ वेगळी. आगीच्या जागी हुकूम अग्निशमन अधिकाऱ्याचा, तिथे नगराध्यक्षही बघ्याच. "आधी माझ्या वॉर्डात पाठवा" म्हणून फोन करणारे, बंब लग्नात पाणी मारायला, चौक धुवायला, विहीर भरायला नेणारे, आणि एखाद्या हॉटेलला नोटीस गेली की "आपला माणूस आहे, सांभाळून घ्या" म्हणणारे, हे सगळे एकाच माळेचे मणी. रजिस्टरमध्ये आगीच्या वर्दीपेक्षा पाणी मारायच्या फेऱ्या जास्त असतील तर त्याचाही हिशोब मागा.

आसपासची गावं

ग्रामपंचायतवाल्यांनी हे करा: जवळची नगरपरिषद, एमआयडीसीचं फायर स्टेशन, साखर कारखान्याचा बंब असेल तर तो, तिघांचे नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या. नगरपरिषद हद्दीबाहेर गेली की शुल्क आकारते, ते किती आणि कोण भरणार हे ऊस पेटल्यावर नाही तर आधी ठरवा, ग्रामसभेत ठराव घेऊन नगरपरिषदेला पत्र द्या. आणि नगरसेवकांनो, बंब बारा किलोमीटरवर गेलाय आणि गावात आग लागली तर काय, याचं उत्तर अधिकाऱ्याकडून लेखी घेऊन ठेवा.

14 एप्रिल

1944 साली या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि 66 अग्निशमन जवान गेले, म्हणून 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. नगरपरिषदेत हार-फुलं आणि भाषणं असतात. भाषणं अर्ध्यात थांबवून प्रात्यक्षिक मागा, आधी न सांगता. आम्ही गेल्या वेळी मोबाईलवर घड्याळ लावलं: घंटा वाजली, गाडी सुटली, चौकात पोचली, पाईप उलगडला, पाणी सुटलं. पहिल्यांदा सुटायलाच चार मिनिटं दहा सेकंद लागली, ड्रायव्हर जेवायला घरी गेला होता. सहा महिन्यांनी परत केलं तेव्हा एक मिनिट वीस. पाईप नवीन होता, आणि तो ट्यूबवाला फायरमन यावेळी पुढे ब्रँच (पाईपचं धार सोडणारं तोंड) धरून उभा होता.